कादंबरीसाठी मार्गदर्शन हवे: बोहल्यावर दुसरीच मुलगी, मनाविरुद्ध लागलेले लग्न आणि खानापूर-शहापूरचा जुना काळ

प्रश्न
मलप्रभाकाठ, खानापूर तालुका

सर्व जाणकार सभासदांना सविनय नमस्कार.

मी एक ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहीत आहे. पहिला खर्डा पूर्ण झाला आहे, परंतु ज्या घटनेवर सगळी कथा उभी आहे तीच मनाला पटत नाही, असे ज्यांच्या वाचनावर माझा विश्वास आहे अशा मंडळींनी सांगितले, म्हणून कथानक येथे मांडून आपले मत विचारते.

काळ १८८७ चा आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड आणि कलादगी हे जिल्हे होरपळून निघाले होते. त्या दुष्काळात पूर्वेकडून पोटासाठी आलेल्या एका कानडी कुटुंबातली लहान मुलगी खानापूरजवळच्या एका मराठा वतनदाराच्या वाड्यापाशी एकटीच मागे उरते. वाड्यातली मोठी बाई तिला ठेवून घेते, गंगव्वाची गंगा होते, आणि वतनदारांची मुलगी वत्सला हिच्या सोबतीने ती लहानाची मोठी होते. तिला कोणी मोलकरीण म्हणत नाही आणि कोणी लेकही म्हणत नाही. पुढे सतराव्या वर्षी वत्सलेचे लग्न शहापूरच्या एका खानदानी घरात ठरते. नवरा मुलगा आनंदराव याला पुण्याला जाऊन शिकायचे आहे, त्याला लग्न नको आहे, पण वडिलांच्या शब्दापुढे त्याचे काही चालत नाही. मुहूर्ताच्या दिवशी वत्सला घरातून नाहीशी होते. दारात वऱ्हाड उतरलेले आणि मांडवात पंचक्रोशी जमलेली, अशा वेळी वत्सलेचे वडील गंगेला शालू नेसवून बोहल्यावर उभी करतात. ज्या घरचे अन्न खाल्ले त्या घराची अब्रू राखायची म्हणून ती तोंडातून शब्द काढत नाही. अंतरपाट दूर होतो, माळा पडतात, आणि आनंदराव तिला वत्सला समजूनच घरी घेऊन जातो.

सासरी दोघे आधी एकमेकांना टाळतात, मग हळूहळू त्यांची मने जुळतात. शेवटच्या प्रकरणात खऱ्या वत्सलेचे पत्र येते, आनंदराव संतापतो, नंतर त्याला स्वतःचे प्रेम उमगते आणि कथा सुखान्त होते.

धर्मविधीतून अशी अदलाबदल खरोखर निभावली असती का, हे मला आधी जाणून घ्यायचे आहे. ती उघड झाल्यावर कायदा आणि भावकी यांनी काय केले असते, हेही मला नीट ठाऊक नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शेवट वाचून झाल्यावर वाचकाला हे प्रेम खरे का वाटत नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. गंगेच्या तोंडी कानडी किती ठेवावे याबद्दलही कोणी लिहिले तर उपकार होतील.

उत्तर
जुने दप्तर, बेळगाव

ताई, आपले कथाबीज सकस आहे आणि ते आपल्याच मातीतले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी वयाचा प्रश्न सोडवावा लागेल. १८८७ साली वतनदाराच्या घरात सतरा वर्षांची मुलगी बिनलग्नाची असणे ही सगळ्या तालुक्यात चर्चेची गोष्ट ठरली असती, कारण अशा घरांत मुलींची लग्ने दहा-बारा वर्षांच्या आत उरकली जात. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून केवळ बारावर नेली, तरी मुंबई इलाख्यात केवढे वादळ उठले, हे आठवले म्हणजे त्या काळाची कल्पना येते. प्रेमकथा ही दोन जाणत्या माणसांचीच असली पाहिजे, त्याविषयी तडजोड होऊ शकत नाही. म्हणून माझी कळकळीची सूचना अशी, की कथा १९३२ च्या सुमारास आणावी. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला होता, त्यात मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले होते, आणि शिक्षणाचे वारे लागलेल्या घरांत मुली त्याहून मोठ्या होईपर्यंत थांबू लागल्या होत्या. गंगेला पोरके करण्यासाठी दुष्काळाऐवजी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची साथ घ्या. त्या साथीने मुंबई इलाख्यातली घरेच्या घरे रिकामी केली. तेव्हा पाच वर्षांची असलेली मुलगी १९३२ मध्ये एकोणीस वर्षांची होते. आनंदरावाच्या अनिच्छेलाही मग वजन येते. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते त्याने कोवळ्या वयात पाहिलेले असेल, आणि सविनय कायदेभंगाच्या दिवसांत हिंडलग्याच्या तुरुंगात जायची तयारी ठेवणाऱ्या तरुणाला घरच्यांनी बोहल्यावर चढवून बांधून ठेवायचे ठरवले असेल. मनाविरुद्धच्या लग्नाचे याहून सबळ कारण शोधावे लागणार नाही. मात्र एक दक्षता घ्यावी. त्या काळचे शहापूर बेळगावला अगदी लागून असले, तरी ते सांगली संस्थानात होते आणि बेळगाव इंग्रजी अमलात होते. मोजक्या अंतरावर अंमल बदलत असे, आणि आपल्या कथेला त्याचा पुष्कळ उपयोग होईल.

आता अदलाबदलीकडे वळतो. खानापूरच्या वाड्यासमोरच्या मांडवात ती निभावणार नाही, कारण तेथे जमलेली पंचक्रोशी दोन्ही मुलींना लहानपणापासून ओळखते. लग्न वराच्या गावी ठेवावे. मुलीकडची मोजकी माणसे खानापूरहून रेल्वेने बेळगावला उतरतील, तेथून शहापूरच्या बिऱ्हाडी जातील, आणि वत्सला त्या बिऱ्हाडातून रात्री निघून जाईल. मग मुलीला ओळखणारी माणसे केवळ घरची उरतात, आणि घरची माणसे घराच्या अब्रूसाठी गप्प राहतात, हे कोणालाही पटेल.

अदलाबदलीची जागा म्हणून गौरीहराची खोली घ्यावी, असे मला वाटते. मुहूर्ताआधी नवरी मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहरापुढे बसते आणि अन्नपूर्णेवर एकेक अक्षता वाहत राहते. त्या खोलीत बायकांचीच ये-जा असते, डोक्यावर पदर असतो, मुंडावळ्यांनी चेहरा निम्मा झाकलेला असतो. तेथून तिला बोहल्यावर आणतो तो मामा, आणि अंतरपाटाच्या अलीकडे तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. म्हणजे वडिलांना हे एकट्याने करता येणार नाही. वत्सलेच्या मामाला, ज्याची सख्खी भाची त्याच रात्री बेपत्ता झाली आहे, तिचा शोध सोडून एका परक्या मुलीच्या पाठीशी उभे राहावे लागेल, आणि ब्राह्मण मंगलाष्टके म्हणत असताना त्याचे मन कोठे असेल, हा प्रसंग आपल्या खर्ड्यात नाही. तो अवश्य लिहा. मंगलाष्टके संपेपर्यंत त्या माणसाला हलता येत नाही, बोलता येत नाही, मागे वळूनही पाहता येत नाही.

देवकाचा, म्हणजे लग्नात मांडवात बसवल्या जाणाऱ्या कुळाच्या पूज्य चिन्हाचा, प्रश्न याहून खोल आहे. मराठ्यांत दोन्ही घरांचे देवक एक निघाले तर सोयरीक होत नाही. मांडवात जे देवक बसवले गेले ते वत्सलेच्या घराचे, गंगेचे देवक कोणते, किंबहुना तिच्या जातीत देवक असते की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. खरे कळल्यावर सासरची वडीलधारी माणसे पैशापेक्षा किंवा फसवणुकीपेक्षा या गोष्टीने अधिक हादरतील. त्यांची भीती श्रद्धेतून आलेली आहे, तिला खलनायकी रंग देऊ नये.

असे प्रसंग अशक्य असतात, असे म्हणणाऱ्या वाचकांना आपल्या इतिहासातले सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण दाखवता येईल. १७६१ मध्ये पानिपतावर भाऊ पडले, परंतु त्यांच्या नावाने वावरणाऱ्या माणसामागे लोक आणि फौजफाटा जमला, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत राज्यकर्त्यांना स्वस्थता नव्हती. या सगळ्या काळात भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानले नाही. ज्यांना एखादी गोष्ट खरी असावी असे मनापासून वाटते, ते खुणा जुळवून घेतात, आणि आपल्या कथेत वराकडच्या मंडळींचे नेमके तेच होईल.

उत्तर
निवृत्त वकील, निपाणी

जुने दप्तर यांनी सुचवलेला १९३२ चा काळ कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचा आहे, म्हणून त्यालाच धरून लिहितो.

सप्तपदी पूर्ण झाली की त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे विवाह पूर्ण झाला. फसवणुकीच्या कारणावरून तो रद्दबातल ठरवून घेण्यासाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग होता, नव्हता असे नाही. परंतु त्या मार्गाने जायचे तर शहापूरच्या घराला भर न्यायालयात सांगावे लागले असते, की आमच्या घरात आलेली सून कोण आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. दावा सांगली संस्थानच्या न्यायालयात चालवायचा की इंग्रजी अमलात, यावरच वकिलांची एक पिढी पोसली गेली असती. त्यामुळे दोन्ही घरांनी गप्प बसणे हेच स्वाभाविक आहे. बायकोने नांदायला नकार दिला तर काय होत असे, ते रखमाबाईंच्या खटल्यातून आपल्याला माहीत आहे. १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले होते, आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन ते प्रकरण मिटले. आपल्या नायिकेच्या काळात ही आठवण जुनी झालेली असली, तरी पुसली गेलेली नव्हती.

लेखिकेने खऱ्या अर्थाने विचार करावा, अशी गोष्ट पुढे आहे. घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. अनेक जातींत सोडचिठ्ठी आणि पाट, म्हणजे स्त्रीचा पुनर्विवाह, यांची रीत होती, परंतु कुळीचा अभिमान मिरवणाऱ्या वतनदार घरात ती चालत नसे. याउलट पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करण्याची मुभा होती. मुंबई प्रांतात तिला बंदी झाली ती १९४६ मध्ये. याचा अर्थ असा, की या मनाविरुद्धच्या लग्नात दोघे सारखे अडकलेले नाहीत. आनंदराव दुसऱ्याच दिवशी दुसरी मुलगी पाहू शकतो, त्याचे वडील त्याला तसे करायला लावू शकतात, आणि गंगेला मात्र त्या घराबाहेर पाऊल टाकायला जागा नाही. आपल्या खर्ड्यात दोघांची अनिच्छा एकाच मापाने मोजलेली दिसते, आणि माझ्या मते कथेची पहिली गफलत तेथेच आहे.

सत्य बाहेर कसे पडावे, यासाठी एक प्रसंग सुचवतो. पत्राने गौप्यस्फोट करणे फार वापरलेले आहे. समजा, वतनदारांनी लग्नाच्या याद्या होताना वत्सलेच्या नावे थोडी जमीन बक्षीसपत्राने करून दिली आहे. १९३० नंतर शेतमालाचे भाव कोसळले, त्या मंदीत शहापूरच्या घराला कर्ज झाले आणि ती जमीन गहाण टाकायची वेळ आली. खत करून देणाऱ्या व्यक्तीला सब-रजिस्ट्रारपुढे स्वतः हजर राहावे लागते, सही किंवा अंगठा करावा लागतो आणि ओळख पटवणारे साक्षीदार आणावे लागतात. आता गंगेला सरकारी कागदावर वत्सला म्हणून सही करायची आहे. घरात गप्प राहणे वेगळे आणि शपथेवर खोटे नाव लावणे वेगळे. टेबलावर खत पसरलेले आहे, कारकुनाने टाक शाईत बुडवून पुढे केला आहे, साक्षीदार पान चघळत उभे आहेत, आनंदराव शेजारी आहे, आणि ही बाई टाक हातात घेत नाही. या ठिकाणी आपल्या नायिकेला पहिल्यांदा स्वतःचा निर्णय घेता येईल.

उत्तर
अक्षरवेल, चिकोडी

वकीलकाकांचा सब-रजिस्ट्रारपुढचा प्रसंग वाचून मला राहवले नाही. तो प्रसंग कादंबरीच्या मध्यावर घ्यावा आणि उरलेली निम्मी कादंबरी त्याच्या पुढे चालावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

वाचकाला प्रेम खरे का वाटत नाही, हा आपला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. सध्याच्या खर्ड्यात आनंदराव जिच्यावर प्रेम करतो ती वतनदाराची मुलगी वत्सला आहे. तिचे वाडे, तिचे माहेर, तिचे बालपण तो मनात धरून बसला आहे आणि त्यातले काहीही त्याच्यासमोर बसलेल्या बाईचे नाही. सत्य शेवटच्या प्रकरणात कळते, तो रागावतो, मग क्षमा करतो, आणि पुस्तक संपते. म्हणजे खऱ्या गंगेशी त्याचा संसार एक दिवसही आपण पाहिलेला नाही. क्षमा हाही शब्द मला खटकतो, कारण गंगेने कोणाची फसवणूक केलेली नाही, तिलाच पुढे करून इतरांनी केली आहे. सत्य मध्यावर कळले, तर त्यानंतर आनंदरावाने केलेली प्रत्येक लहान गोष्ट बोलू लागते. वडील दुसऱ्या सोयरिकीचे निरोप आणतात आणि तो ऐकून न ऐकल्यासारखे करतो, एवढ्यानेही वाचक गलबलेल, कारण त्याला जायची वाट मोकळी आहे, हे वाचकाला ठाऊक आहे.

गंगेच्या बाबतीत नेमके उलट करावे लागेल. तिला बाहेर पडायची खरी वाट लेखिकेने उघडून दिली पाहिजे, नाहीतर तिचे राहणे हे प्रेम आहे की नाइलाज, हे कधीच कळणार नाही. पुण्यात सेवासदन ही संस्था १९०९ पासून होती, तेथे स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याचे शिक्षण मिळत असे. हिंगण्याला कर्व्यांची संस्था होती. आनंदरावाचे पुण्यात परिचित आहेत, तेव्हा त्यानेच तिला तेथे जाण्याची सोय करून द्यावी, तिच्या नावाने, गंगा म्हणून, आणि पैशाची व्यवस्था करून मागे व्हावे. तिने जावे, शिकावे, आणि मग परत यायचे की नाही ते ठरवावे. पुण्याची ती प्रकरणे आपण मन लावून लिहिलीत, तर सुखान्त शेवट वाचक आपण होऊन मागेल.

सत्य कळण्यापूर्वी त्या दोघांमध्ये शरीरसंबंध आलेला नसावा, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्याच व्यक्तीच्या भ्रमात झालेल्या जवळिकीवर पुढे प्रेमाची इमारत उभी राहत नाही, आणि आजच्या वाचकाच्या मनात ती गोष्ट सलत राहील. हे काळाला धरून करता येते. त्या काळच्या एकत्र कुटुंबात दिवसा नवरा-बायकोने वडीलधाऱ्यांसमोर बोलणे रीतीला धरून नव्हते. लग्न नको असलेला आनंदराव रात्री माडीवर वाचत बसतो आणि नवी सून सासूच्या शेजारी निजते, यात कोणालाही वावगे दिसणार नाही. त्यांची ओळख मग कामाकामातून व्हायला हवी. तो भल्या पहाटे विहिरीवर येतो तेव्हा ती पाणी शेंदत असते. तो रहाटाचा दोर धरतो, ती बाजूला होते, घागर भरते, कोणी काही बोलत नाही. अशी चार-पाच दृश्ये सावकाश लिहिली, की त्यांच्या पहिल्या संभाषणाला वाचक आसुसलेला राहील.

जुने दप्तर यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. त्यांच्या मांडणीत वराकडच्या सर्व मंडळींनी फसायचे आहे, आणि मला सासूने फसू नये असे वाटते. लग्न लागल्यावर सूनमुख पाहण्याचा विधी असतो. सासू सुनेला जवळ घेऊन आरशात तिचे मुख पाहते. मुलगी पाहायला खानापूरला पुरुष मंडळींबरोबर हीच बाई गेली होती, असे आपण ठेवा. त्या वेळी पदराआडून का होईना, तिने वत्सला पाहिली आहे. आता आरशात तिला दुसराच चेहरा दिसतो, आणि ती काही बोलत नाही. सुनेच्या तोंडात साखर घालते आणि पुढच्या बाईला जागा करून देते. ती का बोलली नाही, हे आपण पुष्कळ पुढे उलगडावे. कदाचित तिचे स्वतःचे लग्नही असेच कोणाच्या तरी अब्रूसाठी लागलेले असेल. आपल्या कादंबरीतली सर्वांत मोठी व्यक्तिरेखा ती होऊ शकेल, असे मला मनापासून वाटते.

उत्तर
घटप्रभा, गोकाक

माझे घर कानडी शेजाराचे, शाळा मराठी, म्हणून भाषेपुरते लिहिते.

गंगेचे कानडी हे आपण जणू लपवलेले शस्त्र असल्यासारखे रंगवले आहे, तसे करू नये. शहापूरच्या पेठेत आणि विणकरांच्या आळ्यांत दोन्ही भाषा रोजच्या वापरात होत्या, सौंदत्तीच्या यल्लम्माला दोन्ही भाषा बोलणारी माणसे एकाच बैलगाडीतून जात, आणि सुनेला कानडी येते म्हणून कोणत्याही सासूने भुवई उंचावली नसती. ओळख उघडी पडते ती फार बारीक ठिकाणी. हातातले भांडे निसटले की मराठी घरात वाढलेली मुलगी ‘आई गं’ म्हणेल, गंगेच्या तोंडून मात्र ‘अव्वा’ निघेल, कारण पहिल्या पाच वर्षांत मिळालेले शब्द भीतीच्या क्षणी पुढे येतात. आजारपणात तापात ती कोणाला हाक मारते, नणंदेच्या बाळाला निजवताना कोणते गाणे गुणगुणते, तेथे कानडी येऊ द्या, आणि एरवी तिला तुमच्या तालुक्याचे ‘की’ लावलेले मराठी बोलू द्या. ‘जेवा की’, ‘बसा की’, ‘येतो की आम्ही’, एवढ्यावर प्रदेश उभा राहतो. लांबलचक कानडी संवाद घालून खाली अर्थ देत बसू नये.

भाकरीचाही विचार करावा. खानापूरकडचा पावसाळी भाग भाताचा, तेथे तांदळाची भाकरी होते. पूर्वेकडचा कोरडा भाग जोंधळ्याचा. तिकडच्या बायका जोंधळ्याची भाकरी मोठी आणि पातळ थापतात, आणि काही भाकऱ्या कडक वाळवून ठेवतात, त्या पुष्कळ दिवस टिकतात. गंगेने ही थापण्याची लकब आईकडे पाहून उचलली असेल आणि वाड्यातल्या कोणी ती मोडली नसेल. शहापूरच्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदा जोंधळ्याची भाकरी थापायला बसते तेव्हा अक्षरवेलताईंची सासू तिच्या हातांकडे पाहत राहील, आणि मुलगी कोणत्या बाजूची आहे हे तिला तेव्हाच कळेल.

माघी पौर्णिमेच्या सौंदत्तीच्या यात्रेत गंगेच्या मूळ गावचे कोणी तिला भेटले, तर तिच्या आईवडिलांविषयीचा धागाही पुरा होईल. मात्र तिला लिंगायत दाखवायचे ठरवलेत, तर गळ्यातल्या इष्टलिंगाचे काय झाले याचे उत्तर द्यावे लागेल. तो विषय श्रद्धेचा आहे, त्याला पुरेशी पाने देता येणार नसतील तर तिचे कुळ वेगळे ठेवणे चांगले.

मूळ लेखिका
मलप्रभाकाठ, खानापूर तालुका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून ऋणी आहे.

कथा १९३२ मध्ये आणते आहे. लग्न शहापूरला होईल, सब-रजिस्ट्रारपुढचा प्रसंग मध्यावर येईल, आणि सूनमुखाच्या वेळी सासूला सारे कळलेले असेल. मामाचे प्रकरण लिहायला घेतले आहे. जमीन वत्सलेच्या नावे असल्यामुळे आणखी एक गोष्ट जमून येते, ती अशी, की सही नाकारल्यावर घरावरचे कर्ज तसेच राहते, आणि आपल्या खरेपणाची किंमत सगळे घर मोजते आहे हे गंगेला रोज पाहावे लागते. सासऱ्यांचा राग मग केवळ फसवणुकीचा राहत नाही.

अजून एक अडचण उरते. वत्सला कोठे गेली, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. पहिल्या खर्ड्यात ती एका तरुणाबरोबर पळून जाते, पण मग तिच्या सुखासाठी गंगेचा बळी गेला असा अर्थ निघतो, आणि मला वत्सलेबद्दल वाचकाच्या मनात अढी नको आहे.

उत्तर
अक्षरवेल, चिकोडी

वत्सलेला कोणाबरोबरही पाठवू नका. ती एकटीच गेली असे ठेवा. बेळगावपर्यंत रेल्वेने आणलेल्या मुलीला पुण्याची गाडी त्याच स्थानकावरून मिळते, आणि ज्या सेवासदनात पुढे गंगा जाणार आहे तेथेच वत्सला आधी पोहोचलेली असणे अगदी शक्य आहे. आपल्या मागे गंगेला उभे केले जाईल, ही कल्पना तिला नव्हती. लग्न मोडेल, वडील चार दिवस बोलतील आणि विषय संपेल, असे तिला वाटले होते. गंगा पुण्याला येते तेव्हा दोघींची गाठ पडते, आणि ज्या दोघींना एकीच्या जागी दुसरी म्हणून वापरले गेले त्या समोरासमोर बसून पहिल्यांदा सविस्तर बोलतात. गंगेने वत्सलेला आनंदरावाविषयी काय सांगितले, ते आनंदरावाला कधीही कळू नये, वाचकाला मात्र सगळे कळावे. त्या रात्री वत्सलेने तिला एकच प्रश्न विचारावा, की माघारी जायला तुला कोणी सांगितले नसते तरी तू गेली असतीस का, आणि गंगेचे उत्तर आपण तिच्याच शब्दांत लिहावे.

जमिनीचाही निकाल तेथेच लागतो. ती वत्सलेची आहे, सही करण्याचा अधिकार तिचा आहे, आणि शहापूरच्या घराचे कर्ज फेडायला ती गहाण टाकायची की नाही हे तिला ठरवू द्या. माझ्या मते ती टाकेल, पण वडिलांना न विचारता.